ऋण दोन वेळां



फळ्यावांचून बीजगणित सांगण्याचा प्रसंग माझ्यावर आज प्रथमच आला आहे. ध्वनिक्षेपकापुढें हवेंत बोट फिरवून कांहीं उपयोग होत नाहीं, हें मला एव्हांना कळून चुकलें आहे. तेव्हां आपणांपैकीं ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद आणि पेन्सिल जवळ घ्यावी.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका वर्गास घातांकांचे नियम शिकवीत होतों. पांचाचा तिसरा घात म्हणजे पांच तीन वेळां मांडून केलेला गुणाकार, हें सांगून झालें होतें. मग पांचावर ऋण दोन हा घातांक लिहून त्याची किंमत एक-पंचविसांश, असें मीं म्हणतांच मागल्या बांकावरचा एक मुलगा उठला व म्हणाला, "गुरुजी, पांच हा आंकडा ऋण दोन वेळां मांडायचा कसा?" वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि "नियम पाठ कर, परीक्षेला तेवढें पुरे," असें म्हणून त्यास खालीं बसविलें. त्या मुलानें पुन्हां कधीं प्रश्न विचारला नाहीं. प्रश्न मात्र चोख होता, आणि त्या दिवशीं मला त्याचें उत्तर देतां आलें नसतें.

उत्तर असें कीं, ऋण दोन वेळां मांडतांच येत नाहीं. 'इतक्या वेळां मांडून गुणणें' हा घाताचा अर्थ धन पूर्णांकांपुरताच आहे. त्यापुढें जावयाचें तर तो अर्थ सोडून त्यांतून निघालेला एक नियम घट्ट धरावा लागतो. पाया एकच असेल तर गुणाकार करतांना घातांकांची बेरीज होते, हा तो नियम. आतां कागदावर एकाखालीं एक लिहा: १२५, २५, ५. हे पांचाचे तिसरा, दुसरा व पहिला घात. दर पायरीस घातांक एकानें उतरतो आणि संख्येस पांचानें भाग जातो. तसेंच उतरत चला. पुढली संख्या १, तिचा घातांक शून्य; मग एक-पंचमांश, घातांक ऋण एक; मग एक-पंचविसांश, घातांक ऋण दोन. हा जिना मध्येंच मोडूं नये, एवढ्याचसाठीं हे अर्थ ठरविलेले आहेत.

अपूर्णांकाचीही तीच कथा. नवाचा एक-द्वितीयांश घात त्यानेंच गुणला तर घातांकांची बेरीज एक होते, म्हणजे नऊच मिळतात. सबब तो घात म्हणजे नवाचें वर्गमूळ, तीन.

हें विद्वानांच्याही सहजीं गळीं उतरलें नाहीं. निकोला शूके या फ्रेंच गणित्यानें १४८४ च्या आपल्या हस्तलिखितांत शून्य व ऋण घातांक वापरले. पण तें हस्तलिखित त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. अक्षराच्या खांद्यावर अंक लिहिण्याची आजची रीत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानें रूढ केली, तीही धन पूर्णांकांपुरती. पुढें १६७६ सालीं लायब्निट्झकरितां पाठविलेल्या पत्रांत न्यूटननें सांगितलें कीं, आपण वर्गमुळाऐवजीं अर्धा घात आणि छेदाऐवजीं ऋण घात लिहितों.

ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांच्या बोटांखालीं हे सारे घातांक आहेतच. पाया दोन घ्या. मध्य षड्जाचा घातांक शून्य, दुप्पट कंपनांच्या तार षड्जाचा एक, निम्म्या कंपनांच्या मंद्र षड्जाचा ऋण एक. मधल्या बारा पायऱ्या समान बसविल्या असतील, तर प्रत्येक पट्टीगणिक घातांक एक-द्वादशांशानें वाढतो. सहावी पट्टी तीव्र मध्यमाची. तेथें दोनाचें वर्गमूळ उभें आहे. सातवी पंचमाची; तेथें कंपनें सुमारें १.४९८ पट होतात, आणि गवयाचा शुद्ध पंचम मात्र दीडपट असतो. पेटीला १९४० पासून कित्येक वर्षें याच नभोवाणीवर मज्जाव होता, त्यामागील आक्षेपांत हे समान अंतरांचे सूर हाही एक होता.

आतां एक उदाहरण. आठ गुणिलें अ चा ऋण सहावा घात, हें सर्व कंसांत, आणि कंसावर घातांक ऋण दोन-तृतीयांश. अ ही धन संख्या समजा. घाताचा घात करतांना घातांक गुणावयाचे. म्हणून ऋण सहा गुणिलें ऋण दोन-तृतीयांश, म्हणजे धन चार. राहिले आठ. घातांकाच्या छेदांत तीन आहेत, म्हणून घनमूळ काढा: दोन. अंशांत दोन आहेत, म्हणून वर्ग करा: चार. ऋण चिन्हासाठीं उलटवा: एक-चतुर्थांश. एकंदर उत्तर, अ चा चौथा घात भागिलें चार. येथें निम्मा वर्ग आठाच्या जागीं 'ऋण चार' लिहितो. अहो, ऋण घातानें संख्या छेदांत जाते, कर्जांत जात नाहीं!

दुसरी चूक याहून हट्टी आहे. कंसांत गुणाकार असेल तर बाहेरचा घात प्रत्येक अवयवास लागतो. बेरीज असेल तर लागत नाहीं. शेजारची एक मुलगी हल्लीं माझ्याकडे शिकावयास येते. नऊ अधिक सोळा यांचा अर्धा घात तिनें परवां तीन अधिक चार, म्हणून सात असा लिहिला. मीं नियम सांगितला नाहीं. आधीं बेरीज करून मूळ काढ, एवढेंच म्हटलें. पंचवीस, मग पांच. सात आणि पांच यांच्याकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "मग गुणाकाराला कां चालतं?" मीं तिला तीन चोक, पुन्हां तीन चोक, असें एका ओळींत मांडावयास लावलें आणि जागा बदलून तिन्हीं जवळ तीन, चोहों जवळ चार आणावयास सांगितलें. नऊ गुणिलें सोळा तिचें तिनेंच वाचलें. मग अधिक चिन्ह घालून तसेंच करूं लागली, आणि थांबली.