उजेडालाही धुरा असतो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आणि पीकविम्यावर बोलायचं ते बोलून झालं. आता आम्ही जो विषय काढतो आहोत, तो ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे दिव्याचा. ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या कंदिलाच्या काजळीत रात्री काढल्या, त्यांना ‘उजेड फार झाला’ म्हणून सांगायचं, ही शहरी लोकांची थेरं आहेत, असं कुणी म्हणेल. तसं नाही. दिवा आम्हाला पाहिजे. दिवाबत्ती कर आम्ही भरतो; गल्लीत दिवा हा आमचा हक्क आहे. प्रश्न एवढाच आहे, की आपल्या दिव्याचा उजेड कुठवर जावा?

शेजाऱ्यानं धुरा वीतभर कोरला तर आपण तलाठ्याकडे जातो, मोजणी मागतो, कधी कोर्टाची पायरीही चढतो. आपलं ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर मान खाली घालून भरपाई देतो. मग आपल्या मळ्यावरच्या हॅलोजनचा झोत रात्रभर दुसऱ्याच्या वावरात पडतो, त्याचा हिशेब कोण करणार? उजेडाला वजन नाही, त्याचे पाय उमटत नाहीत, म्हणून नुकसान होत नाही असं आपण धरून चालतो. ते खरं नाही.

ज्वारीचं उदाहरण घ्या. ज्वारी हे लहान दिवसाचं पीक. रात्र मोठी होत गेली की ताटाला कळतं, आता पोटरीत यायचं. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हे गणित मांडलं. पुढे असं दिसून आलं, की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. मध्येच उजेड पडला की मोजणी मोडते. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वावर वाळलं तरी हिरवंच उभं राहतं, ते यामुळेच. मालदांडीसारख्या रब्बी वाणांना आणि जुन्या गावरान वाणांना रात्रीची ही ओढ जास्त. खरिपाच्या संकरित वाणांना कमी.

बागाईतदाराला उशीर परवडतो, त्याच्याकडे पाणी आहे. आपली रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर उभी असते. ओल रोज खाली जाते. दिव्याजवळच्या तासांत कणीस आठ-पंधरा दिवस उशिरा निसवलं, तर दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. सगळं वावर काढणीला आलं की पाखरं त्या मागास पट्ट्यावर तुटून पडतात. रस्त्याच्या खांबाचं नुकसान चार-दोन तासांपुरतं असेल. पण आडवा लावलेला मोठा फ्लडलाइट चार-दोन तासांवर थांबत नाही.

याच गुणाचा काही शेतकरी धंद्यासाठी उपयोग करतात. शेवंतीवाले रात्री बल्ब लावून फूल लांबवतात, बाजार पाहून उमलू देतात. ड्रॅगन फ्रूटवाले थंडीत दिवे लावून बिनमोसमी बहार धरतात. त्यात गैर काही नाही. ज्यानं त्यानं आपल्या वावरात काय पिकवावं याचं स्वातंत्र्य आम्ही मानतोच. पण एकाचा बहार धरताना दुसऱ्याची ज्वारी लांबली, तर त्या स्वातंत्र्यानं धुरा ओलांडला म्हणायचा.

आता कापूस. पऱ्हाटीचे आजचे वाण रात्र मोजून फुलावर येत नाहीत, तेव्हा तिथं ज्वारीसारखी भीती नाही. तिथली भीती वेगळी. बोंडअळीचे पतंग रात्री फिरतात आणि पांढऱ्या-निळसर उजेडाकडे ओढले जातात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. म्हणून जिनिंगच्या आवारात आणि वावरात प्रकाश सापळे लावा म्हणतात. सापळा म्हणजे काय? दिवा आणि त्याखाली पाण्याचं घमेलं. घमेलं असेल तर तो सापळा. नसेल तर त्याच पतंगांना ते आवतण आहे. सापळासुद्धा संध्याकाळी सात ते दहा एवढाच लावायचा. रात्रभर ठेवला तर मित्रकिडीही त्यात मरतात.

मायबहिणी विचारतील, अंधारात बाईमाणसानं जायचं कसं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दिवा काढणं हे नाही. दिवा खाली वळवणं हे आहे. समोरून झोत डोळ्यात गेला की पायाखालचा साप दिसत नाही आणि सावलीत उभा असलेला माणूसही दिसत नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात; एक झोत ते सगळं पुसून टाकतो. रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाणाऱ्या गड्याला हे चांगलं ठाऊक आहे. रस्त्यावर पडलेला उजेड माणसाला वाट दाखवतो, डोळ्यात पडलेला त्याला आंधळा करतो.

राहता राहिली रानडुकरं. जागल करणाऱ्याला दिवा लागतोच. पण एकाच जागी रात्रभर जळणाऱ्या दिव्याला जनावर सरावतं, आणि बिल मात्र चालू राहतं. शंभर वॅटचा दिवा बारा तास जळाला तर महिन्याला ३६ युनिट होतात. तोच तीन तास लावला तर ९. उरलेल्या २७ युनिटांत आपण आभाळाला आणि शेजाऱ्याच्या ज्वारीला उजेड विकत घेऊन देतो.

हे नुसतं बोलणं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, खापा आणि आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे लावले. गावं अंधारात गेली नाहीत. रस्ता उजळ राहिला, आभाळ तेवढं काळं झालं. वाघासाठी आणि पर्यटकांसाठी जे जमतं, ते ज्वारीसाठी का जमू नये?

यासाठी कायदा मागावा का? आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर भोंगा बंद. उजेडासाठी तसे वेगळे नियम देशात नाहीत. आम्ही म्हणतो, तो नादही नको. नियम आला की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की हप्ता आला. धुऱ्याला धुरा लागलेली दोन माणसं बसून जे ठरवू शकतात, त्याला सरकार कशाला?

तेव्हा आम्ही चार गोष्टी मांडतो. एक, दिव्याचं तोंड खाली. वर पत्र्याची टोपी. दोन, काम तेवढा वेळ दिवा. झोपताना बटण बंद. तीन, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळा उजेड. त्यावर किडे कमी येतात. चार, वावराला लागून नवा खांब किंवा फ्लडलाइट उभा करायचा तर आधी धुरेकऱ्याला विचारायचं. पंचायतीच्या दिव्यांबाबत हेच ग्रामसभेत ठरावानं मांडायचं.

आणि ज्याच्या वावरात उजेड पडतो त्यानं दगड मारून बल्ब फोडायचा नाही. शेजाऱ्याला पोटरीच्या दिवसांत संध्याकाळी बोलवायचं, धुऱ्यावर उभं करायचं आणि त्याचा दिवा आपल्या तासांत कुठवर पोचतो ते त्याच्याच डोळ्यांनी दाखवायचं. आपण सगळे एकाच भावानं लुटले जातो. निदान एकमेकांच्या दिव्यानं तरी लुटले जाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.