बोट लागली!



आमच्याकडे, म्हणजे महाड-पोलादपूर भागात, 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ आहेत. दासगावच्या बंदराला बोट लागली म्हणजे ती पोचली, माणसं बोचकी घेऊन उतरू लागली. आणि एखाद्या माणसाला बोट लागली म्हणजे त्याचं पोट ढवळलं, तो कठडा धरून वाकला. माझी आजी पहिला अर्थ ऐकतच मोठी झाली आणि दुसरा तिने मुंबईला जाताना अनुभवला. शिडाच्या कॅटमॅरन बोटींत वेग किती आणि सुख किती, यावर बोलायचं ठरवलं तेव्हा मला आजीचे हेच दोन शब्द आठवले.

मी स्वतः समुद्राकाठचा नव्हे. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. पण कोकणातल्या अनेकांप्रमाणे मीही बोटीवर गेलो, आणि बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. लाट मला पुस्तकातून कळण्याआधी गुडघ्यातून कळली.

महाड हे बंदर होतं हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली येते, महाडला वळसा घालते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. त्या पाण्यावर बसून मचवे आणि पडाव वर येत, ओहोटीबरोबर खाली जात. घाई करून उपयोग नसे. चंद्र ठरवेल तेव्हा निघायचं. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले तेही याच पाण्यातून. २४ तारखेच्या सकाळी मुंबईहून 'पद्मावती' बोट, हरिहरेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी 'अंबा' बोटीने खाडीतून वर दासगाव, आणि तिथून पाचएक मैल पायी महाड. दीड दिवस लागला. आज मुंबई-गोवा रस्ता मोकळा असेल तर तेच अंतर चार-पाच तासांचं. आणि मोकळा नसेल तर काय होतं ते गणपतीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विचारा.

आता कॅटमॅरन. शब्द इंग्रजी वाटतो, पण आहे तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला तो कोळ्यांचा तराफा. नाव त्याचं घेतलं आणि लावलं दोन होड्या शेजारी जोडलेल्या बोटीला. आपल्या कोकणातली उलांडीची होडी या आजच्या कॅटमॅरनच्या जास्त जवळची. रत्नागिरी-मालवणकडे अरुंद होडीच्या बाजूला दोन आडव्या काठ्यांवर एक लाकूड तरंगत असतं, ती उलांडी. होडी अरुंद म्हणून वेगाने जाते, आणि अरुंद असूनही उलटत नाही ती उलांडीमुळे. कॅटमॅरनची सगळी विद्या या एका वाक्यात आली. उलांडीच्या जागी दुसरी सबंध होडी घाला, आणि दोघींवर साकव टाका. आपल्याकडे ओढ्यावर असतो तसाच साकव. त्या साकवावर दिवाणखाना, स्वयंपाकघर. दोन्ही होड्यांच्या पोटात झोपायच्या खोल्या. झाली फिरस्तीची कॅटमॅरन.

अशी बोट वेगाने का जाते? साधी होडी पाणी ढकलत चालते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे नाळेपाशी एक उंचवटा, मागे सुकाणूपाशी दुसरा, आणि होडी त्यांच्यामधल्या खळग्यात. वेग वाढवला की लाट लांबते, आणि होडीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. याचा एक ढोबळ हिशोब आहे. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. छत्तीस फुटी होडीचं उत्तर आठ नॉट येतं, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. सायकलचा वेग. कॅटमॅरनची एकेक होडी मात्र सुरीसारखी असते. रुंदीच्या आठ-दहा पट लांब असली तर ती मोठी लाट उठवतच नाही आणि हा चढ तिला जाणवत नाही. शिवाय एकट्या होडीला उभं राहण्यासाठी तळाशी नीरम लागतं, म्हणजे दगडाचं किंवा शिशाचं वजन. कॅटमॅरन आपल्या रुंदीवर उभी राहते, तिला ते ओझं नको.

इथवर सगळं छान आहे. पण या बोटी विकत घेणारी माणसं त्यांच्यात राहणार असतात. त्यांना फ्रिज हवा, कपडे धुण्याचं यंत्र हवं, जनरेटर हवा. सहाशे लिटर गोडं पाणी म्हणजे सहाशे किलो. अरुंद होड्या एवढा भार पेलत नाहीत, म्हणून कारखानदार त्या फुगवतो. फ्रान्समध्ये बांधलेल्या दोन बोटी घ्या. लॅगून ४२ ही रिकामीच सुमारे बारा टनांची. उत्रमेर ४५ तिच्याहून लांब, आणि वजनाला जेमतेम पाऊणपट. पहिलीत तुम्ही घरासारखे राहता. दुसरीत होड्या निमुळत्या आणि खोल्या चिंचोळ्या, पण वाऱ्याची झुळूक आली की ती निघालीच.

म्हणजे वेग हवा तर सुख सोडा, सुख हवं तर वेग सोडा, असंच ना? मीही असंच समजत होतो. पण कारखानदाराच्या माहितीपत्रकात सुख मोजतात ते धक्क्याला बांधलेल्या बोटीतलं; चालत्या बोटीत सुख ठरतं ते हेलकाव्याने.

आंबेनळी घाटातून एसटीने महाबळेश्वरला गेलेल्यांना विचारा, गाडी कशाने लागते. वळणांनी, म्हणतील. पण तीच वळणं, तीच गाडी, आणि चालक बदलला की अर्धी गाडी ठणठणीत राहते. एक चालक वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक दाबतो. दुसरा आधीच वेग उतरवतो आणि वळणात गाडी सोडून देतो. पोट ढवळतं ते हेलकाव्याच्या लयीमुळे. समुद्रावर यावर बराच अभ्यास झाला आहे. वर-खाली होणारा एक झुला पुरा व्हायला पाचएक सेकंद लागत असतील, तर ती लय माणसाला सगळ्यात वाईट. त्याहून खूप संथ हेलकावा पाळण्यासारखा सोसतो. त्याहून खूप जलद असला तर माणूस ओकत नाही, पण दमतो.

एकतळी, म्हणजे साधी एकटी, होडी वाऱ्याने एका अंगावर कलते आणि सावकाश डुलते. कॅटमॅरन कलत नाही. टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला तिच्यात जागच्या जागी राहतो, आणि विक्रेता तो पेला दाखवूनच बोट विकतो. पण रुंद पायांवर ताठ उभी असल्यामुळे ती लाटेवर डुलत नाही, हिसका देते. डावी होडी लाटेवर, उजवी खळग्यात, आणि दुसऱ्या क्षणी उलट. वर साकवाचं दुखणं निराळंच. जुलैत ओढा भरतो आणि पाणी साकवाला खालून थपडा मारतं, तो आवाज तुम्ही ऐकला असेल. कॅटमॅरनच्या पोटाखाली तेच होतं. साकव पाण्यापासून उंच असेल तर लाट खालून निघून जाते. सामान भरून बोट बसली की साकव खाली येतो आणि थपडा सुरू. म्हणजे फ्रिज आणि धुण्याचं यंत्र यांनी आणलेलं सुख त्याच वजनाने रात्री झोप उडवतं. हा माहितीपत्रकात न छापलेला भाग.

एक गोष्ट कॅटमॅरनच्या बाजूने सांगायला हवी. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. लाटांत बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला आली आणि ती आणखी कलली. रुंद कॅटमॅरन अशी माणसांच्या पळापळीने सहज झुकत नाही. मात्र शिडाची कॅटमॅरन एकदा का वाऱ्याने उलटली, की पुन्हा सरळ होत नाही. एकतळी होडी कलून बजावते की शीड फार झालं. ही बजावत नाही. वाऱ्याचा आकडा बघून, अंगाला काही जाणवत नसताना, शीड आखडावं लागतं.

इंजिनाच्या कॅटमॅरनला हा शिडाचा धोका नाही, पण बोट लागण्याचं दुखणं तिलाही आहे. १९९० साली टास्मानियात बांधलेल्या 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन' या ७४ मीटर लांब कॅटमॅरनने अटलांटिक ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत पार केला आणि १९५२ पासूनचा 'युनायटेड स्टेट्स' जहाजाचा विक्रम मोडला. पुढे इंग्लिश खाडीत प्रवासी नेताना या जातीच्या बोटींना लोकांनी ओकारीवरून टोपणनाव ठेवलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दमानियांची कॅटमॅरन मुंबई-गोवा धावली. विमानासारख्या खुर्च्या, वातानुकूलित, सात-आठ तासांत पणजी. जुन्या आगबोटीला जवळपास चोवीस तास लागत. पण तिच्यात डेकवर चटई अंथरून आडवं होता येई, भजनं होत, आणि पोट ढवळलं तर तोंडावर वारा असे. कॅटमॅरनची सेवा काही वर्षांत थांबली. गेटवे ते मांडवा आजही कॅटमॅरन जातात, तासाभरात, पुढच्या अलिबागच्या बसचे पैसे तिकिटातच धरून. पावसाळ्यात त्या बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो चालू असते. २०२० साली आलेली ही ग्रीसमध्ये बांधलेली बोट मोठी आणि जड आहे, गाड्या पोटात घेऊन जाते. मांडव्याला कॅटमॅरनने जाणार असाल तर एक सांगतो. बंद काचेच्या खोलीत, सगळ्यात पुढे बसू नका. मागे, मधोमध बसा, आणि मोबाईल खिशात ठेवून क्षितिजाकडे बघा.

निवृत्तीनंतर मी दोनदा गोव्याहून मुंबईपर्यंत शिडाच्या कॅटमॅरनवर गेलो, ओळखीच्या लोकांबरोबर, इंजिन सांभाळणारा म्हणून. दोन्ही वेळा डिसेंबर. मार्ग सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. पहिली बोट हलकी, नऊ नॉटने पळणारी. तिला पंचवीस तास पुरावेत. दुसरी घरासारखी, सात नॉटची, तिला बत्तीस. सात तासांचा फरक, आणि त्या सात तासांसाठी पहिलीचा मालक भलताच अभिमानी.

पण डिसेंबरात दुपारी आपल्या किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो, म्हणजे मुंबईला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. हलकी बोट त्या वाऱ्यात नागमोडी जात राहिली, नऊ नॉटनेच. देवगड सोडल्यावर चूल पेटवणं अशक्य झालं. तिघांपैकी दोघे आडवे. मी शिळी पोळी आणि लोणचं खाऊन सुकाणूला बसलो. लवकर पोचलो हे खरं, पण पोचल्यावर दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या बोटीचा कप्तान दाभोळचा, साठी उलटलेला. दुपारी वारा तोंडावर आला की तो शीड उतरवून इंजिनावर पाच नॉटने, किनाऱ्याला चिकटून चालायचा. मी त्याला म्हटलं, नऊ नॉटची बोट असती तर एव्हाना जयगड मागे पडलं असतं. तो म्हणाला, "पडलं असतं की. आणि जेवण?"

दुसऱ्या संध्याकाळी त्याने हरिहरेश्वरच्या डोंगराच्या आडोशाला नांगर टाकला. समोर बाणकोटची खाडी. वेसवी-बागमांडला फेरीबोटीचे दिवे या काठावरून त्या काठाला जात होते. त्यांच्यामागे अंधारात, खाडीच्या आत, दासगाव आणि महाड. १९२७ ला 'पद्मावती'ची माणसं इथेच रात्रीसाठी थांबली होती, हे मी कप्तानाला सांगितलं. त्याने भात आणि बांगड्याचं तिखलं केलं. आम्ही गरम गरम जेवलो आणि झोपलो. पेला टेबलावर होता, आणि त्या रात्री तो खरोखरच हलला नाही.

दोनच्या सुमाराला त्याने मला उठवलं. डोंगरावरून गार वारा खाली उतरत होता, मतलई. तो पूर्वेकडून येतो, मुंबईला जाणाऱ्याच्या कुशीला. समुद्र निजलेला, आणि वारा मात्र भरपूर. नांगर वर घेतला, दोन्ही शिडं चढवली, आणि ती बारा टनांची बोट, फ्रिज, धुण्याचं यंत्र आणि सहाशे लिटर पाण्यासकट, सात नॉटने निघाली. साकवाखाली एकही थप्पड नाही. मी सुकाणूवरून मागे पाहिलं तेव्हा बाणकोटचा दिवा लहान होत चालला होता, आणि कप्तान आत जाऊन चहा टाकत होता.