सर्पगंधा आणि डॉ. रुस्तुम वकील
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण ते काम मी रोजच करते. म्हणून आज मी एका डॉक्टरांविषयी बोलणार आहे. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. काही चुकलं तर आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी चहाच्या वेळी माझा कान धरावा.

मोहोपाड्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कातकरी बायका तुम्हाला आठवत असतील. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या, आणि टोपलीच्या कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेल्या मुळ्यांची एखादी जुडी. त्यातल्या एक मावशी माझ्या आईला नेहमी म्हणायच्या, "ताई, ही मुळी घे, डोकं शांत राहील, झोप लागेल." आई हसायची आणि करवंदं घेऊन घरी यायची. ती मुळी कसली होती ते मला कधी कळलं नाही. पण नेमकी अशीच ख्याती असलेली एक मुळी आपल्या देशात शेकडो वर्षं वापरात आहे. तिचं नाव सर्पगंधा. साप चावला, झोप येत नसली, वेड लागलं, की लोक ती देत असत.

आपण रसायनीची मुलं. एचओसीत ॲनिलीन आणि नायट्रोबेंझिन बनायचं हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मुळीत गुण आहे म्हणजे त्यात एखादं रसायन आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 1931 मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेतून काही रसायनं वेगळी काढली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या मुळीने रक्तदाब उतरतो आणि वेड्याचं वेड शांत होतं. भारतीय औषधशास्त्राचे जनक मानले जाणारे रामनाथ चोप्रा यांनीही तिच्यावर काम केलं. 1934 मध्ये हिमालय ड्रग कंपनीच्या गोळ्या बाजारात आल्या. म्हणजे आपल्याकडे माहिती होती, गोळी होती, देणारे डॉक्टरही होते. बाहेरच्या जगाला मात्र पत्ता नव्हता.

त्या काळी उच्च रक्तदाबावर जगात कुठेच धड औषध नव्हतं. पाठीतल्या नसा कापायचं मोठं ऑपरेशन, नाहीतर नुसत्या भातावर ठेवणारं पथ्य, एवढेच उपाय. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. शेवटच्या तासांत त्यांचा रक्तदाब 300 वर 190 होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांनाही तो खाली आणता आला नाही.

आता आपल्या डॉक्टरांकडे येते. रुस्तुम जाल वकील हे मुंबईचे पारशी, जन्म 1911 चा. वैद्यकीचं शिक्षण लंडनला झालं. परत येऊन ते परळच्या केईएम हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. सर्पगंधा त्यांनी शोधली नाही. ते रसायनही त्यांनी वेगळं काढलं नाही. त्यांनी जे केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. उच्च रक्तदाबाचे 50 रुग्ण घेतले, त्यांचा रक्तदाब मोजला, मुळीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा मोजला आणि सगळं लिहून ठेवलं. कोणाचा किती उतरला, कोणाचा फारसा उतरला नाही, कोणाला काय त्रास झाला. 1949 मध्ये ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आलं.

पुढचं फार झपाट्याने घडलं. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी त्यांचा लेख वाचून आपल्या रुग्णांवर हे औषध वापरायला सुरुवात केली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं काढलं, तेच रेसरपिन. न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि अनेक रुग्ण शांत झाले. सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच हे लिहिलं होतं, हे विसरू नका. 1957 मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 मध्ये पद्मभूषण. 1974 मध्ये ते गेले.

हे औषध काम कसं करतं ते थोडक्यात सांगते. आपल्या नसांच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिनचा साठा असतो. ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. रेसरपिन हा साठा भरूच देत नाही. कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीत पाणी चढवणंच बंद करावं, तसं. टाकी हळूहळू रिकामी होते, म्हणून परिणाम दिसायला दिवस लागतात आणि गोळी थांबवली तरी तो बराच काळ टिकतो. पण मेंदूतल्या टाक्याही रिकाम्या होतात. त्यामुळे सुस्ती येते, आणि डोस जास्त झाला तर काही जणांना खोल नैराश्य येतं. म्हणून पुढे डोस फार कमी केला, दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. झाडपाल्याचं आहे म्हणून अपाय नाही असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणखी एक आकडा सांगते. 1967 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल आला. रक्तदाब खूप वाढलेले 143 पुरुष होते. अर्ध्यांना खरी औषधं दिली, त्यांत एक रेसरपिन होतं. अर्ध्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध नसलेल्या गटात 27 जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांत फक्त 2 जणांना. रक्तदाब उतरवला की माणूस वाचतो, हे तेव्हा पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

हा आकडा मी वाचला तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. का, ते सांगते. माझे बाबा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. पाळीवरून येताना सायकल थांबवून आपली क्रिकेटची भांडणं सोडवायचे. ते प्लँटवर ऑपरेटर होते. दर तासाला तापमान आणि प्रेशर बघून वहीत लिहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एक नोंद कधी चुकली नाही. निवृत्तीनंतर त्यांना बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. वर्षभराने म्हणाले, "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" कोणीतरी चूर्णाच्या पुड्या आणून दिल्या होत्या, त्या घ्यायला लागले. त्यांत काय होतं, किती होतं, मला आजही माहीत नाही. फोनवर मी रोज विचारायची, "बाबा, बरं वाटतंय ना?" ते म्हणायचे, "एकदम मस्त." आणि खरंच मस्त वाटत होतं. मग एका सकाळी उजवा हात उचलेना आणि शब्द फुटेना. त्यानंतर ते चार वर्षं होते. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही.

सर्व्हर जरा हळू चालला तरी मी दहा आकडे तपासते. बाबांना मात्र मी आकडा एकदाही विचारला नाही. फक्त कसं वाटतंय ते विचारलं.

म्हणून मला डॉ. वकील मोठे वाटतात. 'या मुळीने बरं वाटतं' हे तर आपला देश शेकडो वर्षं सांगत होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण वकील तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा लिहिला.

आपली विज्ञानाची प्रयोगवही आठवते? निरीक्षणाचा रकाना रिकामा ठेवून अनुमान लिहिलं की बाई ते पान परत करायच्या. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. तेव्हा राग यायचा, आता तुमचे आभार मानते.

मित्रांनो, आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. बाहेर, नावनोंदणीच्या टेबलाशेजारी, आपल्या बॅचच्या डॉक्टर मैत्रिणीने बीपीचं मशीन ठेवलंय. जेवायला बसण्याआधी पाच मिनिटं शांत बसून प्रत्येकाने आपला आकडा बघा आणि लिहून घ्या. घरी गेल्यावर आईवडिलांचाही विचारा. ज्यांचे गोळ्या घेतात, त्यांना आज घेतली का तेही विचारा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाला ती बंद करू देऊ नका.

माझा आजचा आकडा 138 वर 88 आहे. तो मी लिहून ठेवलाय. पुढच्या मेळाव्यात विचारा, मी सांगेन.