संगणकाचा तगादा

घरात नवा संगणक आला म्हणजे पहिल्या दिवशी त्याची जुळवाजुळव करावी लागते. भाषा, वेळ, वापरणाराचे नाव, परवलीचा शब्द, एवढे एकदा सांगून झाले की यंत्र आपल्या कामाला लागेल, अशी गृहस्थाची साहजिकच समजूत असते. काही आठवडे ते तसे वागतेही. मग एके सकाळी विजेचे बिल भरावयाचे म्हणून ते सुरू करावे, तो नेहमीचे चित्र न दिसता सारा पडदा व्यापून एक निवेदन उभे राहते : यंत्राची जुळवाजुळव अपुरी आहे, ती पुरी करू या.

विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्ही प्रणालींत हा अनुभव येतो. त्या पडद्यावर ठळकपणे दोनच पर्याय दिसतात. एक 'पुढे चला' म्हणतो, दुसरा 'तीन दिवसांनी आठवण करा' म्हणतो. 'नको' म्हणण्याची सोय तेथे नाही. दारावर आलेल्या फेरीवाल्यालादेखील 'नको' हा शब्द कळतो. या यंत्राला मात्र होकार किंवा मुदत, एवढेच ठाऊक!

वस्तुतः अपुरे असे काहीच राहिलेले नसते. चेहरा ओळखून आत घेण्याची किंवा फोन जोडण्याची सोय उपयोगी आहे, हे मान्य करावयास हवे. पण त्यांच्याच पंगतीत मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी, एज हा ब्राउझर आणि वनड्राइव्हवर फायली ठेवण्याची सूचनाही येऊन बसते. बिल भरण्याच्या घाईत एखादी गृहिणी 'पुढे चला' दाबत गेली, तर घरातील कागदपत्रे व छायाचित्रे तिच्या नकळत कंपनीच्या दूरच्या साठ्यात जाऊ लागणे अशक्य नाही. तेथे विनामूल्य जागा ५ जीबीच मिळते. एका लग्नाच्या छायाचित्रांनी ती भरते, आणि जागा विकत घेण्याविषयीचे नवे आर्जव सुरू होते.

नकाराची जागा आहे, परंतु ती आतल्या खोलीत ठेवलेली आहे. विंडोज ११मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'सिस्टिम' व त्यातील 'नोटिफिकेशन्स' येथे जावे. पान अगदी तळापर्यंत सरकविले म्हणजे 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' हे शीर्षक दिसते. त्याखाली तीन चौकटी असतात : पहिली सुधारणेनंतरच्या स्वागतपडद्याची, दुसरी या जुळवाजुळवीच्या आग्रहाची, तिसरी अधूनमधून मिळणाऱ्या सल्ल्यांची. तिन्हींतील खुणा काढाव्यात; निदान दुसरीतील तरी काढावीच. विंडोज १०मध्ये याच चौकटी 'नोटिफिकेशन्स अँड अ‍ॅक्शन्स' या पानावर आहेत. ही निवड ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते. वडिलांनी खुणा काढल्या म्हणून मुलाच्या खात्यातील तगादा थांबत नाही.

यामुळे सुरक्षिततेच्या सुधारणा बंद होत नाहीत, आणि त्या बंद करूही नयेत. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याविषयीची सूचना आली तर ती याच माळेतील मणी समजून दूर सारणे धोक्याचे ठरेल. नको असलेल्या सूचनांचा खरा उपद्रव हाच, की त्यांच्या गर्दीत हवी असलेली सूचनाही न वाचता मिटली जाते.

आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकविणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार नमूद केले आहेत. व्यापारी लाभासाठी पुनःपुन्हा व्यत्यय आणून तगादा लावणे हा त्यांपैकी एक. प्रस्तुत पडदा त्यात बसतो की नाही, याचा निर्णय कायदेपंडितांनी करावा. घरातील वृद्धांना संगणक लावून देणाऱ्या मुलानातवंडांनी मात्र तोवर थांबू नये. यंत्र त्यांच्या हाती देण्यापूर्वीच, त्यांच्याच खात्यात शिरून, त्या तीन खुणा काढून टाकाव्यात.