टँकरचे लायसन्स आणि आपली मुले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांची नावे घेतली जातात. ती घ्यावीतच. परंतु कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ज्यांचे पोट स्टिअरिंगवर चालते अशी माणसे काही थोडी नाहीत. कोणी नेरळहून माथेरानचा घाट टॅक्सीने चढतो, कोणी कर्जत स्टेशनबाहेर रिक्षा लावतो, कोणी खोपोलीहून माल भरून रात्री निघतो. हा धंदा आपण कमी लेखतो आणि म्हणून त्यातल्या वरच्या पायऱ्यांची चौकशीही करीत नाही. आज मी अशाच एका पायरीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे धोकादायक माल वाहून नेण्याची लायसन्सवरील नोंद. बोलीत आपण तिला नुसते 'हॅझार्डस' म्हणतो.

आपल्या भागाला ती फार जवळची आहे. एका बाजूला पाताळगंगेची औद्योगिक वसाहत. रसायनी हे गावाचे नावच रसायनांवरून पडलेले. दुसऱ्या बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग, दोन्ही खालापूर तालुक्यातून बोरघाटात चढतात. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, आम्ले, कॉस्टिक सोडा यांचे टँकर दिवसरात्र आपल्या दारावरून जातात. चालवणारा मात्र पुष्कळदा दूरच्या मुलखातला असतो. त्याने जरूर चालवावे, रस्ता सर्वांचा आहे. पण आमचा मुलगा त्याच रस्त्यावर चहाच्या टपरीशी का उभा राहतो, हा माझा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठराव्या वर्षी हलक्या मोटारीचे लायसन्स मिळते. ट्रकसारख्या परिवहन वाहनासाठी वय वीस पूर्ण हवे, आणि त्याचे शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या मोटारीचे लायसन्स निदान एक वर्ष हाती असावे लागते. त्यासाठी डॉक्टरचा दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. आपल्या जिल्ह्यात परिवहन कार्यालये पेण आणि पनवेल येथे आहेत, अर्ज आता संगणकावरून भरतात, आणि तो भरून देणारे दुकान प्रत्येक बाजारपेठेत सापडते. या भागात मी जास्त रेंगाळत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नववा नियम सांगतो की, धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला परिवहन वाहनाच्या लायसन्सखेरीज दोन गोष्टी हव्यात. राज्य शासनाने मान्य केलेल्या संस्थेतील तीन दिवसांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केलेला असावा. आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भारतीय भाषा व तिच्या जोडीला इंग्रजी, या दोन्ही त्याला लिहिता-वाचता याव्यात. मराठी त्या अनुसूचीत आहे, उर्दूही आहे. म्हणजे मुलगा कोणत्याही माध्यमात शिकला असो, निम्मी अट त्याने शाळेतच पुरी केली. उरले इंग्रजी.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परिवहन लायसन्ससाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. २०१९ मध्ये ती केंद्र सरकारने काढून टाकली. निर्णय योग्यच होता. हात कसलेला असूनही केवळ दाखल्याअभावी घरी बसलेल्या पुष्कळांची सोय झाली. परंतु गावात त्याचा अर्थ असा लावला गेला की आता ड्रायव्हरला शाळा नको. सातवीतून मुलगा काढायचा, ट्रकवर क्लीनर म्हणून बसवायचा, पुढे आपोआप ड्रायव्हर होईल. होईलही. पण नववा नियम जागच्या जागी आहे, आणि टँकरच्या दारावर तो मुलगा अडेल.

तुम्ही म्हणाल, गाडी हाकायला इंग्रजी कशाला? यासाठी टँकरवरची पाटी पाहा. नियमाप्रमाणे तिच्यावर मालाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक, धोक्याचे चित्र आणि आपत्कालीन टेलिफोन असतो. पेट्रोलचा क्रमांक १२०३, गॅसचा १०७५, सल्फ्युरिक आम्लाचा १८३०. शिवाय एक छोटी खूण असते. पेट्रोलच्या टँकरवर ती 'तीन-वाय-ई' अशी दिसेल. तीन म्हणजे आग फेसाने विझवा. वाय म्हणजे सांडलेला माल अडवा, गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत अख्खी सूचना. सांडलेले पेट्रोल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढले तर ते विझत नाही, पाण्यावर तरंगत पुढे जाते. आणि आपल्याकडे 'पुढे' म्हणजे पाताळगंगा नाहीतर उल्हास नदी. तीव्र सल्फ्युरिक आम्लावर पाणी पडले तर ते उकळून अंगावर उडते. गॅस हवेपेक्षा जड. तो वर निघून न जाता खोलगट जागी साचतो. मालाची सविस्तर माहिती देणारे कार्ड केबिनमध्ये ठेवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. पण वाचता न येणाऱ्याच्या केबिनमध्ये ते कार्ड असून नसून सारखेच.

१३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. चार जीव गेले. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर कोसळले आणि तिथून जाणारी माणसे त्यात सापडली. दोष कोणाचा हे ठरवणारा मी नव्हे. अशा वेळी पहिली पाच मिनिटे ड्रायव्हरच्याच हातात असतात, एवढेच मला सांगायचे आहे. स्पेनमध्ये ११ जुलै १९७८ रोजी प्रोपिलीनचा टँकर सुट्टीला आलेल्या लोकांच्या तंबूंशेजारी फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या टँकरमध्ये परवानगीपेक्षा कितीतरी जास्त माल भरला होता. किती भरले आहे आणि किती भरायचे होते, हे दोन आकडे कागदावर ताडून पाहणे हेही वाचनच आहे.

अभ्यासक्रमात मालाच्या माहितीबरोबर सावध ड्रायव्हिंगही शिकवतात. अर्धा भरलेला टँकर पुऱ्या भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आतले द्रव ब्रेकसरशी पुढे धावते आणि वळणावर एका अंगाला जाऊन गाडी कलंडवते. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत! शिंगरोबाला नाणे वाहून कोणी उतरो की बिस्मिल्ला म्हणून, घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा असतो, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात.

आणखी एक प्रश्न मुले विचारतात. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. मग गॅस सिलिंडरचा छोटा टेम्पो का चालवू नये? कारण धोकादायक मालाच्या अटी त्या निकालाने तशाच ठेवल्या आहेत. नोंद नसताना अपघात झाला तर काय होते, तेही पालकांनी ऐकावे. तेलाच्या टँकरच्या एका प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला भरपाई आधी देऊन ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कायम ठेवली, कारण ड्रायव्हरच्या लायसन्सवर ही नोंद नव्हती. असा फटका बसू शकतो हे कळलेला मालक अशा मुलाला कामावर कशाला ठेवील?

आता संस्थेला माझी विनंती. अठरा ते वीस ही दोन वर्षे कायद्यानेच आपल्याला रिकामी दिली आहेत. हलके लायसन्स मिळालेले आहे, मोठे मिळायला वेळ आहे. या काळात संध्याकाळचा एक वर्ग काढा. शेक्सपिअर नको. पाटीवरचे शब्द, बिल्टी, चलन, कार्ड, पोलिसांना द्यायची चार वाक्यांची माहिती, एवढे वाचता-लिहिता आले की पुरे. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही बसू द्या. वर्गाला फळा पुरेल आणि एखादा निवृत्त टँकर ड्रायव्हर शिक्षकाच्या शेजारी बसवता आला तर उत्तमच.

ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचे कार्ड पाहावे. त्यावर 'हॅझार्डस व्हॅलिडिटी' अशी वेगळी जागा असते. ती कोरी असेल तर काय करायचे ते वर सांगितले आहे. तारीख असेल तर ती नीट वाचावी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन लायसन्स पाच वर्षांचे असते, पण ही नोंद तीनच वर्षांची, आणि नूतनीकरणाआधी उजळणीचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यामुळे लायसन्स चालू आणि नोंद संपलेली, असे बेमालूम होऊन बसते.