एमकेएफएस ‘नाही’ म्हणतंय? आधी व्हॉल्यूम कुणाकडे आहे ते बघा

फोनचं मेमरी कार्ड फॉरमॅट केलंय ना कधी? कार्ड एकाच फोनमध्ये असतं, म्हणून टेन्शन नसतं. आता समजा, तेच कार्ड एकाच वेळी दोन फोनला जोडलंय. फेलओव्हर क्लस्टरमधली शेअर्ड डिस्क अशीच असते. दोन नोड, डिस्क एक, आणि ती वापरायची मात्र एका वेळी एकानेच.

आज लिनक्सवरचा पेसमेकर आणि एलव्हीएम घेऊ. नेहमीचा सीन असा: रिसोर्स ग्रुप बनवला, त्यात आधी एलव्हीएम, मग फाइलसिस्टम. पण व्हॉल्यूमवर फाइलसिस्टम बनवायचीच राहिली. पेसमेकर ती बनवत नाही हं, तो फक्त माउंट करतो. माउंट फेल होतं, ‘बॅड सुपरब्लॉक’ वगैरे मेसेज येतो. मग पेसमेकर अख्खा ग्रुप दुसऱ्या नोडवर हलवतो, तिथेही तेच रडगाणं. तुम्ही नोड एकवर लॉगिन करून एमकेएफएस चालवता, तर डिव्हाइसच नाही! कारण व्हॉल्यूम तोवर नोड दोनवर गेलेला असतो. एलव्हीएमला सिस्टम आयडी लावला असेल तर तो स्पष्ट सांगतो की हा ग्रुप दुसऱ्या नोडचा आहे. हा एरर चांगला आहे. त्याला बायपास करायला जाऊ नका.

खरी भीती वेगळीच आहे. सिस्टम आयडी लावलेलाच नाही आणि व्हॉल्यूम दोन्हीकडे ॲक्टिव्ह आहे, असं असेल तर? एमकेएफएस ‘माउंटेड आहे का’ हे फक्त स्वतःच्या मशीनवर तपासतं. पलीकडच्या नोडवर डेटाबेस जोरात चालू असला तरी याला पत्ता नसतो. एक्सएफएस एवढंच म्हणेल, ‘इथे जुनी फाइलसिस्टम दिसतेय, हवं तर मायनस एफ द्या.’ इंटरनेटवरच्या उत्तरांत तो मायनस एफ बिनधास्त दिलेला असतो. तो दाबलात की पलीकडचा डेटा गेला. आणि गंमत म्हणजे, ते ॲप कॅशवर थोडा वेळ व्यवस्थित चाललेलंही दिसू शकतं.

मग करायचं काय? पीसीएस स्टेटस बघा, एलव्हीएम कुठल्या नोडवर आहे ते शोधा. फाइलसिस्टम रिसोर्स डिसेबल करा आणि क्लीनअप चालवा. ग्रुपमध्ये एलव्हीएम त्याच्या आधी असल्यामुळे तो चालूच राहतो, आणि व्हॉल्यूम तुमच्या हातातून पळत नाही. मग दोन्ही नोडवर माउंट तपासा. वाइपएफएस कुठलाही ऑप्शन न देता चालवा. नाव भयानक असलं तरी तसं ते फक्त जुन्या खुणा दाखवतं, पुसत नाही. काहीच निघालं नाही, तर त्याच नोडवर एमकेएफएस, तेही मायनस एफ न देता. एकदाच पुरे, डिस्क शेअर्ड आहे ना! मग रिसोर्स एनेबल.

आणि ‘ॲपरंटली इन यूज’ आलं तर? बऱ्याचदा मल्टिपाथ चालू असताना तुम्ही थेट एसडीबीवर बोट ठेवलेलं असतं. मॅपरमधलं नाव वापरा.

पुढच्या एपिसोडला जीएफएस टू घेऊ, तिथे दोन्ही नोड एकदम लिहितात.