दोन माशीमार आणि आपला कडुनिंब
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पक्षी बघायचे म्हटलं की आपण वरणगावकर हतनूर धरणाची वाट धरतो. पण दिवाळीनंतर आपल्या बागेतल्या कडुनिंबावरही एक पाहुणा येतो. वजन जेमतेम दहा ग्रॅम. फांदीवरून झेप घ्यायची, हवेतच किडा टिपायचा आणि शेपटी उंचावत पुन्हा फांदीवर. हा माशीमार.

आपल्या सोसायटीतली पोरं त्याचे फोटो छान काढतात, पण नावावरून वाद होतो. कारण यांत दोन सारखे भाऊ आहेत. तांबड्या छातीचा माशीमार पूर्व युरोपाकडून येतो, तैगा माशीमार सैबेरियातून. पूर्वी दोघांना एकच जात मानत. आपल्या भागात पहिलाच जास्त, दुसरा मुख्यतः पूर्व भारतात; तरी बघितल्याशिवाय ठरवू नये.

बँकेत चेकवरची सही आम्ही नमुना सहीशी ताडून बघायचो. एक अक्षर जुळलं म्हणून चेक पास होत नसे. वळण, जोर, शेवटचा फटकारा, सगळं बघायचं. इथंही तसंच. सगळे गळ्याचा तांबडा रंग शोधतात. पण माद्यांना आणि लहान नरांना तो नसतोच, आणि तैगाचा नर हिवाळ्यात तो टाकून देतो. फेब्रुवारी-मार्चात त्याला पुन्हा रंग चढतो, तेव्हा तांबडा फक्त गळ्यापुरता आणि खाली करडा पट्टा. पहिल्याचा तांबडा सरळ छातीवर उतरतो.

म्हणून तीन फोटो घ्या. एक बाजूनं, चोचीचा: खालची चोच बुडाशी फिकट असेल तर पहिला, जवळपास सगळी काळी असेल तर तैगा. दुसरा पाठीमागून: शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीइतकीच किंवा त्याहून काळीकुट्ट दिसली तर तैगा, तपकिरी झाक असेल तर पहिला. तिसरा समोरून, गळ्याचा. शेपटीच्या दोन्ही बाजूंचा पांढरा रंग दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. मोबाईलवर आवाजही टिपा: पहिल्याची ‘टर्रर’ संथ, तैगाची जलद आणि कोरडी. आणि एवढं करूनही जुळलं नाही, तर वहीत ‘माशीमार, खात्री नाही’ असं लिहा. चुकीच्या नोंदीपेक्षा ती नोंद बरी.

हे सगळं आज का सांगतोय? येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगसाठी हाच कडुनिंब काढायचा विषय आहे. गाड्या वाढल्यात, अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण ‘झाडावर पक्षी येतात’ एवढं मोघम बोलून झाड वाचत नाही. कोण आला, कोणत्या तारखेला, किती दिवस राहिला, हे फोटोसकट सभेपुढं ठेवलं तर विचार होईल. म्हणून माझी विनंती: एक हिवाळा नोंदी होऊ द्या, होळीपर्यंत विषय थांबवा, मग ठराव करा. वही मी आणून दिलीय, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवलीय. पेन मात्र आपापला आणा!